गोइंग्ज-ऑन म्हणजे लफडी नव्हेत हो!

परवा ताईने फॅमिली ग्रुपवर एक रील टाकलं, ‘या ५ इंग्लिश चुका टाळा’ छापाचं, खाली ‘मुलांना दाखवा’. दाखवलं की! दहावीतल्या भाचीने सोसायटीच्या गणपतीवर निबंध लिहिलेला, मांडवात दिवसभर जे काय काय चालतं त्याला ‘गोइंग्ज-ऑन’ म्हटलेलं, अगदी बरोबर. आता तिथे व्हाइटनरचा थर आणि त्यावर ‘गोइंग-ऑन्स’.

का तर रीलवाला म्हणे, एस शेवटी लागतो. मग पासर्स-बायचं काय करायचं, पासर-बाइज? इथे नाम गोइंग आहे, एस त्यालाच. चेक-इन्स, पुश-अप्समध्ये शेवटी लागतो, तिथून गडी घसरला असेल, पण हा शब्द त्या रांगेतला नाही.

डोक्यात गेलं ते पुढचं. “हा शब्द लफड्यांसाठीच वापरतात, मुलींनी लिहू नये.” मुलींनी! आणि ताईनेही तिला सांगितलं, असलं काही लिहू नकोस. आता केंब्रिजच्या डिक्शनरीत विचित्र, न शोभणारे प्रकार असा अर्थ दिलाय, ते नाकारत नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये रात्री भलतंच काहीतरी चालतं असं म्हणताना हा शब्द येतोच. पण आपण “काय भानगड आहे?” विचारतो तेव्हा दरवेळी कुणाचं लफडंच निघतं का? कधी नुसता फ्यूज उडालेला असतो. मेरियम-वेब्स्टर तर पहिला अर्थच साधा देतं, घडामोडी. आणि इंग्रज कवी कोलरिजची १७९८ची ‘फ्रॉस्ट ॲट मिडनाइट’ ही कविता बघा, घरचे सगळे झोपलेत, शेजारी पाळण्यात बाळ, हा एकटा जागा, आणि लिहितो काय तर समुद्र, टेकडी, रान आणि ‘नंबरलेस गोइंग्ज-ऑन ऑफ लाइफ’, स्वप्नांसारखे, ऐकूच न येणारे. यात लफडं कुठंय ते रीलवाल्याने दाखवावं.

‘अमेरिकन पोरांचा नवा स्लँग’ म्हणे, त्याला पण तेच १७९८ पुरे. हां, शब्द अनौपचारिक आहे, ऑफिसच्या अर्जात नको, आणि पुढे इज नाही, आर येतं. न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ हेही त्याच रीलमध्ये होतं, त्यावर मी टायपिंग वाया घालवत नाही, न्यूज ‘न्यू’वरूनच आलाय.

ग्रुपवर हे सगळं टाकलं तर ताईचा नुसता अंगठा. भाची मात्र नखाने व्हाइटनर खरवडत बसलीये, गोइंगपुढचा एस दिसायला लागलाय.