झाडपाल्याचं औषध काढून 'सर' कसं व्हावं

मंडळी, औषध-संशोधक व्हायचंय? लॅब, डिग्री असल्या भानगडीत पडू नका. सांगलीत राहता ना, मग हळद आहेच, निम्मं संशोधन तिथंच झालं.

सुरुवात हळदीच्या पेटंटपासनं करायची. 1995 ला अमेरिकेत जखमेवर हळद लावायचं पेटंट दिलं आणि 1997 ला आपण ते रद्द करायला लावलं, की टाळ्या! ते सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ, पेपर पुढं टाकून रद्द करून घेतलं, आपला काडीचा हातभार नव्हता, एवढं बोलू नका.

डोस: झाकणभर. सगळ्यांना.

लेबलवर एक ऋषी आणि 'नो साइड इफेक्ट'.

चाचण्या? छे हो, वेळ कुणाला आहे! मुंबईचे डॉ. रुस्तम वकील बघा, सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, तरी हा माणूस पेशंटचं बीपी मोजत बसला, नोंदी ठेवल्या, 1949 ला ब्रिटिश हार्ट जर्नलात छापलं तेव्हा जगानं मानलं, मग 1952 ला त्यातनं रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि पुढं त्यानं काही लोक डिप्रेशनमध्ये जातात हेही लिहून ठेवलं गेलं, म्हणजे 'नैसर्गिक' असून साइड इफेक्ट! झाडपाल्याच्या बाटल्या विकणाऱ्या आमच्या सरांना असलं काही लागत नाही. विश्रामबागच्या हॉलमध्ये त्यांनी माझ्या मावशीला नुसतं बघितलं आणि सांगितलं, "मावशी, त्या शुगरच्या गोळ्या बंद करा, केमिकल आहे ते." अहो मेटफॉर्मिन होतं ते! युरोपात गॅलेगा नावाचं झाड आहे, त्यातला घटक साखर उतरवायचा पण विषारी निघाला, म्हणून त्याच्याच जातीतलं सुरक्षित रसायन शोधलं आणि 1957 ला डायबेटिसवर वापरून दाखवलं. झाडपाल्यावर खरी मेहनत झाली ती त्या गोळीत, आणि तुम्ही तीच बंद करायला लावली?

मावशी मिरजेला ॲडमिट आहे. शुगर चारशेच्या वर गेलेली. डॉक्टर विचारतायत बाटलीत काय होतं, आणि बाटलीवर ना बॅच नंबर ना घटक, काय सांगू मी त्यांना?

आयुर्वेदाचं नाव घेऊन हे करता, लाज नाही वाटत? आणि हॉलमध्ये टाळ्या पिटणारे, दुसऱ्या दिवशी चार बाटल्या जास्त घेऊन पाहुण्यांना वाटणारे, तुम्ही पण ऐका, कुणाची चालू गोळी बंद करायला लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सर, बिलाचा फोटो पाठवलाय, ब्लू टिक दिसतायत. फोन उचला.