बाकी तीनशे ग्रॅम

रात्रीची जेवणं उरकली की आमच्या घरात शाब्दिक उदाहरणं सुरू होतात. मुलगी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसली आहे आणि ‘गणित बाबा घेतील’ हा ठराव माझ्या गैरहजेरीत एकमताने मंजूर झालेला आहे. कारण काय, तर मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळदीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, करतो. करतो म्हणजे कॉम्प्युटर करतो. अडत, हमाली, तोलाई सगळं तोच वजा करतो, मी त्याच्यासमोर चहा पितो. पण हे घरी कसं सांगणार?

नुसत्या आकड्यांना मी भीत नाही. आकड्यांना गोष्ट चिकटली की माझं गाडं अडतं.

परवाचं उदाहरण घ्या. ‘एका साखर कारखान्यात ८,४६,७२५ पोती साखर तयार झाली. त्यांपैकी ५,७८,९४८ पोती विकली. तर किती पोती उरली?’ उरली म्हणजे वजाबाकी. मी रुबाबात वही ओढली, तोवर कॉटवरून आण्णांचा आवाज आला.

“पोतं शंभरचं का पन्नासचं?”

“त्यानं काय फरक पडतोय आण्णा? पोती मोजायचीत, साखर नाही.”

“पडत कसा नाही? आमच्या वेळंला क्विंटलचं पोतं हुतं. आता पन्नास किलोचं. मग ही साखर किती झाली? विचार की मास्तरास्नी.”

मास्तरांना विचारायचं धाडस माझ्यात चौथीतही नव्हतं. मी वजाबाकीला लागलो. पाचातून आठ जात नाहीत, शेजारून उसना घ्या. दोनाचा एक झाला, एकातून चार जात नाहीत, पुन्हा शेजारी. असं करत लाखाच्या घरापर्यंत पाच ठिकाणी उसनवारी झाली. आमच्या गल्लीत उसनं नेलेलं विरजणसुद्धा परत येत नाही, तिथं एवढे दशक आणि हजार कोण लक्षात ठेवणार? मुलगी म्हणाली, “बाबा, उसना नाही म्हणायचं. सुटे करायचे.” सुटे तर सांगलीत कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, ती गोष्ट वेगळी. तिचं उत्तर आलं २,६७,७७७. माझंही जवळपास तेवढंच आलं. आणि वजाबाकीत ‘जवळपास’ला मार्क नसतात, हे मला मुलीनेच समजावून सांगितलं.

माझी पद्धत जुनी आहे. शाळेत आम्हाला गोष्ट वाचायला कुणी शिकवलंच नाही, शब्द हेरायला शिकवलं. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. दहावीपर्यंत मी ह्या तीन शब्दांवर काढली. आता पेपर काढणारे लबाड झालेत. ‘रामूकडे २,३५० रुपये आहेत. ते शामूपेक्षा ८७५ रुपयांनी जास्त आहेत. तर शामूकडे किती?’ मी ‘जास्त’ हेरलं आणि बेरीज ठोकली. ३,२२५. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं यार्डातले हमाल नव्या मेहताजीकडे बघतात. “बाबा, जास्त रामूकडे आहेत ना? मग शामू रामूहून श्रीमंत कसा झाला?” १,४७५. शामूला मी बसल्या जागी १,७५० रुपये फुकट वाटून टाकले होते.

आण्णांचं सगळंच वेगळं. शाळा सातवी, पण पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंत सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, नव्या पिढीसाठी सांगतो (आणि माझ्या पिढीसाठीही). साडेतीन एकर ऊस, एकरी बावन्न टन पडला, तर एकूण किती? मी मोबाईल शोधत होतो. आण्णा छताकडे बघत म्हणाले, “पन्नास औटं पावणेदोनशे, वर दोन औटं सात. एकशे ब्याऐंशी टन.” ह्यालाच कागदावर मांडून दाखवा म्हटलं तर मात्र त्यांना चष्मा सापडत नाही. मुलगी कागदावर करते, आण्णा हवेत करतात. मधल्या मधे मी.

खरी फजिती पावसाळ्यात झाली. आम्ही सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे लोक आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघतात, मग चूळ भरतात. चाळीस फुटांला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला ‘वीस सात’ म्हणायचा पर्याय आला आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. जोडाक्षरं मुलांना जड जातात म्हणे, शिवाय लिहिताना दोन आधी आणि बोलताना सात आधी. मीही तावातावाने भांडलो होतो. ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा ते ‘पन्नास सात’ आहे की सत्तावन्न ह्यावर गल्लीत कुणी वाद घातला नाही.

तर यंदा शाळेने पोरांना इथलंच उदाहरण दिलं. ‘धरणातून दर सेकंदाला ५०,००० घनफूट पाणी सोडले, तर एक टीएमसी पाणी बाहेर पडायला किती वेळ लागेल?’ टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. शंभर कोटी. आपल्याकडे ‘अब्ज’ हा सुटसुटीत शब्द असताना हजाराला दशलक्षाचं शेपूट का लावायचं, ह्यावर माझा पाव तास गेला. मग भागाकार. वरची शून्यं काट, खालची शून्यं काट. उत्तर २,००० सेकंद. म्हणजे तेहेतीस मिनिटं आणि वर वीस सेकंद.

मी गप्प झालो. अर्ध्या तासात एक टीएमसी, तर दिवसाला त्रेचाळीस. कोयनेची क्षमता १०५.२५. अडीच दिवसांत अख्खी कोयना कृष्णेत! बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मी काही न बोलता उठलो, शिडी लावली आणि पंचवीस किलो तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन माळ्यावर चढवलं. मागोमाग मिक्सर, शाळेचे दाखले आणि भडंगाचा डबा.

“आवं, काय झालं?” बायको खालून विचारत होती.

“अडीच दिवस आहेत आपल्याकडं,” मी वरून सांगितलं.

आण्णा उठून बसले. “अडीच दिसात रिकामं व्हायला ते धरान हाय का बादली?”

मुलीने माझी वही तपासली. “बाबा, तुम्ही खालची चार शून्यं काटली आणि वरची पाच.” वीस हजार सेकंद. पाच तास तेहेतीस मिनिटं वीस सेकंद. अडीच नाही, चोवीस दिवस, आणि तेही वरून थेंबभर पाणी आलं नाही तर.

मिक्सर त्याच रात्री खाली आला. भडंगाचा डबा रिकामा होऊन आला. पोतं मात्र भीतीच्या भरात वर गेलं होतं, आता भीती उरली नाही आणि कंबरही. तेव्हापासून रोज सकाळी मी शिडी चढतो आणि तांब्याने तांदूळ काढून आणतो.

काल मुलीला शाळेत ‘स्वतः शाब्दिक उदाहरण तयार करा’ असं दिलं होतं. तिने लिहिलं, ‘एका माळ्यावर २५ किलो तांदूळ आहेत. बाबा रोज ६५० ग्रॅम खाली आणतात. तर बाबांना किती दिवस शिडी चढावी लागेल?’ खाली उत्तरही होतं. अडतीस दिवस, बाकी तीनशे ग्रॅम.

“म्हंजी एकोणचाळिसाव्या दिशी खिचडी,” आण्णा म्हणाले.