विम्याचे पीक कसे घ्यावे

वाचकहो, आपण अजूनही मृगाच्या पावसाकडे डोळे लावून सोयाबीन पेरत असाल, तर आपल्याविषयी आदर व्यक्त करून मी थेट मुद्द्यावर येतो. सोयाबीनपेक्षा विम्याचे पीक केव्हाही फायद्याचे. त्याला हुमणी लागत नाही, खोडमाशी लागत नाही आणि मुख्य म्हणजे जमीनही लागत नाही.

हे शेवटचे विधान अतिशयोक्त वाटत असेल, तर 2023च्या खरिपात राज्य सरकारने एका रुपयात पीक विमा सुरू केल्यावर काय काय पिकले, ते आठवावे. शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा, उरलेला हप्ता सरकारने भरायचा आणि अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राला अर्जामागे 40 रुपये मिळायचे, अशी ती व्यवस्था होती. पाहता पाहता सरकारी जमिनींवर, देवस्थानांच्या इनामांवर आणि अकृषिक भूखंडांवर पिके डोलू लागली. ज्या शिवारात त्या हंगामात कांद्याची पातही कोणी पाहिली नव्हती, तेथे कांद्याचा विमा उतरला. आपण तेव्हा निंदणीत गुंतलेले होतात, हा दोष सर्वस्वी आपला. पुढे तत्कालीन कृषिमंत्र्यांनी, हल्ली भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही, असे सांगून त्या रुपयाचे मोल सर्वांच्या ध्यानात आणून दिले, आणि 2025च्या खरिपापासून गैरप्रकारांचा बंदोबस्त म्हणून एक रुपयाची योजनाच बंद झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात एक सोय असते; संन्याशाचा पत्ता सातबाऱ्यावर असतो.

आता खरिपाच्या पिकांना विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता पदरचा भरावा लागतो, म्हणून शेती जरा नेटाने करावी. प्रथम शेतकरी ओळख क्रमांक काढावा. त्यानंतर ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे पेरलेल्या पिकाची सरकारी ॲपवर नोंद करण्यासाठी, मोबाइल घेऊन बांधावर जावे, पिकाचा फोटो काढावा आणि पडद्यावरचे चक्र थांबेपर्यंत हात वर धरून उभे राहावे. रेंज नसल्यास बाभळीवर चढण्यास नियमांत कोठेही मनाई नाही. अक्षांश-रेखांश जुळले नाहीत, तर आपण आपल्या वावरात नाही, असे ॲप कळवील. अशा वेळी ॲपशी वाद न घालता आपले वावर शोधायला निघावे.

खरे कौशल्य मात्र पीक बुडवण्यात आहे. पूर्वी गारा पडल्या किंवा ओढ्याचे पाणी रानात शिरले, तर 72 तासांच्या आत कळवण्याची मुभा होती, आणि त्या निमित्ताने गुडघाभर चिखलात उभे राहून, चार्जिंग संपत आलेल्या फोनवर टोल फ्री क्रमांकाचे संगीत ऐकता येई. 2025च्या सुधारित योजनेने तेही सुख काढून घेतले, कारण तिच्यात भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर, ठरते. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन धरायचे, आणि महसूल मंडळाचे, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाचे, सरासरी उत्पन्न त्याखाली गेले तरच पैसे. म्हणजे एकट्याचेच वावर वाहून गेले, तर तो आपला खासगी मामला झाला. यापुढे बुडायचे असल्यास मंडळातील सर्वांना विश्वासात घेऊन बुडावे. ओढ्यापलीकडच्या भावकीचे सोयाबीन फार जोमात दिसल्यास त्यांना हात जोडून विनंती करावी. चांगल्या वर्षी अंग मोडून पिकवू नये, असेही मी सुचवले असते, पण त्यामुळे पुढचा उंबरठा खाली येतो.

एवढे जमले की रक्कम आधार जोडलेल्या खात्यात आपोआप जमा होते. ती पाहून डोके फिरू देऊ नये. 2025च्या दिवाळीनंतर अकोला जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांच्या खात्यांत तीन, पाच, आठ, एकवीस अशा रुपयांची भरपाई आली, आणि त्यांनी ती धनादेशाने जिल्हाधिकाऱ्यांना परत केली. हा शुद्ध अव्यवहारीपणा होय. थोडी कळ काढली असती, तर बँकेने मेसेजच्या शुल्कापोटी ती रक्कम स्वतःहून कापून घेतली असती आणि धनादेशाचे एक पान वाचले असते.