‘एसी केबिन’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या संस्थेत देणग्यांची कागदी पावती पुस्तकं बंद करून पावती ॲपवर आणली, त्याबद्दल मागची पोस्ट होती. तिच्याखाली ‘एक हितचिंतक’ यांनी लिहिलंय: “एसी केबिनमध्ये बसून बदल घडवणं सोपं असतं मॅडम. पावती पुस्तकं बंद करण्याआधी टीमला विचारलंत का? दोन जुनी माणसं गेली त्याचं काय? आणि १०बीडी फॉर्मची मुदत ३० जून नाही, ३१ मे.”

शेवटचं आधी घेते. १०बीडी म्हणजे देणगीदारांची माहिती आयकर खात्याला द्यायचा फॉर्म, त्याची मुदत ३१ मेच. माझी चूक, पोस्टमध्ये दुरुस्त केलीय, थँक्यू. चूक असली की मान्य करते मी, बघा.

आता एसी केबिन. अहो कुठली केबिन? नाशिकला रविवार कारंज्याजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक फॅन, तोही तीनवर टाकला की कागद उडतात म्हणून कायम दोनवर. माझे वडील सातपूरला कंपनीत टर्नर होते, तिन्ही शिफ्ट केल्यात त्यांनी, आणि मी स्वतः या कामाला लागले तेव्हा भर मेमध्ये कॉलेज रोडला दुकानादुकानात पावती पुस्तक घेऊन फिरलेय, “नंतर या” ऐकत. एका कापडवाल्याने तासभर बसवून ५१ रुपये दिले आणि वर नाव ‘एक सद्गृहस्थ’ टाका म्हणाला. तेव्हा ‘मॅडम’ म्हणून टोमणे मारायचे तर जरा माहिती काढून मारा.

आणि सोपं? २०२२ चा मे महिना आठवा. त्या वर्षी पहिल्यांदाच ८०जी असलेल्या (म्हणजे ज्यांना देणगी दिली की करात सवलत मिळते अशा) संस्थांना देणगीदारांची माहिती आयकर खात्याला ऑनलाइन भरायची होती, नाव, पत्ता, पॅन, आधार असा ओळख क्रमांक, तरच देणगीदाराचं सर्टिफिकेट निघणार आणि उशीर केलात तर दिवसाला २०० रुपये. आमच्या पुस्तकांत काय, तर “पाटील सर, गंगापूर रोड”. गंगापूर रोडला पाटील सर किती असतील? मोबाईल नंबर नऊ आकडी. कार्बनची कॉपी अशी की रक्कम ५०० का ५००० ते ज्याने लिहिलं त्यालाच कळणार. पंधरा दिवस रात्री दहापर्यंत मी आणि ऑफिसातल्या दोन मुली फोन लावत बसलो, पॅन मागितला की लोक फ्रॉड समजून कट करायचे, एका आजींनी तर पोलिसात देईन म्हणून सांगितलं. हे झाल्यावर मी पुस्तकं बंद केली. हौस म्हणून नाही.

टीमला विचारलं का, तर मीटिंग झाली होती. सोमवारी. त्यात सांगितलं की एक तारखेपासून पावती ॲपवरच. आता सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं असा कीस काढायचा तर काढा, मला वेळ नाही. काम सोडून गेले ते दोघं आपापल्या कारणाने गेले. त्यातले काका १८ वर्षं होते, जाताना त्यांची डायरी गेली आणि तिच्यातले पंचवटीतले निम्मे देणगीदारही, हे खरंय, पण तो विषय वेगळा.

आणि एक. दोन माणसं गेली हे मी पोस्टमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. मग तुम्हाला कसं कळलं? हितचिंतक बितचिंतक राहू द्या. काका, तुम्हीच असाल तर सरळ फोन करा, माझा नंबर तोच आहे.