लांब पायांचा ‘सर्वांत विषारी कोळी’: फॉरवर्डमधला एकेक दावा

पावसाळा लागला की सोलापूरच्या ग्रुपांवर एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरू लागतो. छताच्या कोपऱ्यातल्या लांब पायांच्या प्राण्याचा फोटो आणि खाली मजकूर: हा हार्वेस्टमन, जगातला सर्वांत विषारी कोळी, दात तोकडे म्हणून माणूस वाचतो, सगळे फॅलॅन्जिडी या एकाच कुळातले, ओल्या मातीतून घरात शिरतात, दिसले की फवारा मारा.

‘हा हार्वेस्टमन आहे.’ फोटोतला नाही. माळवदाच्या तुळईखाली विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकणारा आणि धक्का लागताच अंग गरगर हलवणारा तो फोल्सिडी कुळातला खरा कोळी. आपल्याकडच्या घरांत क्रॉसोप्रायझा लायोनी ही जात सर्रास दिसते. दहा पटींच्या भिंगातून पाहिलं तर डोकं-छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर दिसते. मादी असेल तर अंड्यांचा घोस चार धाग्यांत गुंडाळून जबड्यात धरलेला असतो. हार्वेस्टमन हा आठ पायांचाच, पण कोळ्यांहून वेगळ्या गणातला प्राणी. त्याला कंबर नसते आणि रेशीमग्रंथीही नसतात. जाळं दिसलं की वाद मिटला.

‘विष जबर, दात तोकडे.’ हार्वेस्टमनला विषग्रंथीच नाहीत, मग विष मोजलं कुणी? त्याचे जबडे चिमट्यासारखे. कोळी भक्ष्य पातळ करून शोषतो, हा घन तुकडे तोडून खातो. बचावासाठी अंगाच्या दोन्ही बाजूंना दुर्गंधी ग्रंथी असतात, त्यांतून क्विनोन किंवा फिनॉल जातीची रसायनं सुटतात. क्विनोनने बोटावर तपकिरी डाग पडतो, एवढंच. घरातल्या फोल्सिडला विष आहे, पण ते माणसाला घातक असल्याचा पुरावा नाही. ‘चावत नाही म्हणून कळत नाही’ हा युक्तिवाद मात्र बेरकी आहे: कुणी मेलं नाही हाच पुरावा!

‘सगळे एकाच कुळातले.’ सर्वांत मोठी गफलत इथे आहे. हार्वेस्टमनचा ओपिलिओनिस हा अख्खा गण आहे, त्यात साडेसहा हजारांहून अधिक जाती आणि चार उपगण. फॅलॅन्जिडी हे त्यातलं एक कुळ, मुख्यतः उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतलं. सह्याद्रीत दिसणारे लांब पायांचे स्क्लेरोसोमॅटिडी कुळातले. पालापाचोळ्यात आणि दगडाखाली राहणारे, आखूड पायांचे, टणक पाठीचे बहुतेक लॅनिअॅटोरिस उपगणातले: असामिडी, बियांटिडी, पोडोक्टिडी ही त्यातली कुळं. ओळखायचं तर आधी नख्या तपासाव्यात. लॅनिअॅटोरिसच्या तिसऱ्या-चौथ्या पायांना दोन नख्या किंवा एक फाटे फुटलेली नखी असते. फॅलॅन्जिडी आणि स्क्लेरोसोमॅटिडीत साधी एकच. पोडोक्टिडीच्या पहिल्या पायाच्या मांडीवर ठळक काटे असतात.

याहून नेमकी ओळख हवी तर नुसत्या बाह्यरूपावर जाऊ नये. जर्मन अभ्यासक रोएवर यांनी १९२३च्या ग्रंथात पायांच्या टोकाकडचे खंड आणि पाठीवरचे काटे मोजून प्रजाती (जवळच्या जातींचे गट, म्हणजे जीनस) पाडल्या. खंडांची संख्या एकाच जातीत बदलते, कधी एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पायांत वेगळी निघते. परिणामी जिच्यात एकच जात आहे अशा प्रजातींची रांग लागली. १९६०च्या दशकापासून नराचं जननेंद्रिय आणि नंतर डीएनए यांवर भर आला, तेव्हा बियांटिडी, समोइडी, झाल्मॉक्सिडी या कुळांच्या सीमा हलल्या.

म्हणून नमुना नीट हवा. ५-६ मिमी जाळीच्या चाळणीतून पाचोळा पांढऱ्या ट्रेमध्ये चाळावा आणि दहा मिनिटं हात लावू नये, कारण हार्वेस्टमन मेल्याचं सोंग घेतात. घाई केली की मातीच्या खड्याबरोबर फेकले जातात. रचना पाहायची तर ७०-८० टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ टक्के आणि थंडावा. ९५ टक्क्यांत पाय कडक होऊन तुटतात, म्हणून दोन नमुने वेगळे ठेवावेत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. नुसतं पिल्लू हाती आलं तर कुळापुढे जायचा हट्ट नको. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीच उचलू नये.

‘मातीतून घरात येतात.’ मातीतल्या हार्वेस्टमनना सतत ओल लागते, अंगातलं पाणी झटकन उडतं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उन्हाळ्यात भेगाळणारं काळं रान, अशा जिल्ह्यात ते कोरड्या स्लॅबखाली मुक्काम कशाला करतील? शोधायचेच तर विहिरीच्या काठचा किंवा केळीच्या बागेतला जुना, दबलेला पाचोळा आधी चाळावा.

‘फवारा मारा.’ काही गरज नाही. घरातला कोळी डास पकडतो. जळमटं नको असतील तर लांब दांड्याचा झाडू पुरे. मादी जबड्यातल्या अंड्यांसकट निघाली नाही, तर काही आठवड्यांत तोच कोपरा पुन्हा भरतो.