कॅपची कड हिरडीत खोल गाडायची नसते

"कॅपची कड हिरडीत जितकी खोल, तितकी कॅप टिकाऊ. कड बाहेर दिसली तर डॉक्टरने हयगय केली समजा. झिर्कोनियाच्या कॅपखाली कीड लागत नाही. फट राहिली तरी सिमेंट ती भरून काढतं." आमच्या सीमाभागातल्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. तो वाचून खानापूरच्या माझ्या मावशीने दाढेची चांगली बसलेली कॅप काढून 'आत गेलेली' नवी बसवायचा हट्ट धरलाय. आता गप्प बसवत नाही.

आधी खोलीचं बघू, कारण खरा घात तिथेच आहे. हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते. तिच्या कडेला एक उथळ खाच असते आणि त्या खाचेच्या तळापासून हाडापर्यंत हिरडी दाताला घट्ट जोडलेली असते. 1961 साली गार्गियुलो या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी शवांच्या जबड्यांवर हा जोड मोजला. सरासरी सुमारे 2 मिलिमीटर भरला. माणसागणिक, दातागणिक तो कमीजास्त असतो, पण असतोच. कॅपची कड त्यात घुसवली की हिरडी लाल राहते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. कितीही घासा, थांबत नाही. काहींचं हाडही झिजतं. मग हिरडी आणि हाड कापून जागा करायची वेळ येते. कुठली टिकाऊ कॅप घेऊन बसलात? शिवाय इतक्या आत माप घेताना रक्त आणि लाळ आड येते, म्हणजे कड नेमकी बसणंच अवघड. दाढेच्या कॅपची कड हिरडीच्या बाहेर ठेवली, तर ती घासता येते आणि तपासताही येते.

समोरच्या दातांत धातूची काळी रेघ दिसू नये म्हणून कड अर्धा मिलिमीटर आत नेतात, हे मान्य. कीड खाली गेली असेल किंवा दात आखूड असेल तरीही नेतात. पण गरजेपुरतीच.

झिर्कोनिया, म्हणजे कॅपचं ते पांढरं सिरॅमिक, किडत नाही, दात किडतो, आणि तोही नेमका कॅप संपते तिथे. कॅप चिकटवणाऱ्या सिमेंटचा थर पातळच हवा. रुंद फटीतलं सिमेंट लाळेने झिजतं आणि तिथे जंतू घर करतात. म्हणून तर कॅप चिकटवण्याआधी डॉक्टर टोकदार हत्यार कडेवरून चहूबाजूंनी फिरवून बघतात.

मावशी, कॅप राहू दे. दातांच्या फटीतला छोटा ब्रश रोज फिरव. रक्त आलं, घास अडकला किंवा कड जिभेला लागली, तर डॉक्टरांना दाखव. शंका उरलीच तर बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, तिथे दुसरं मत घेऊ. मी येतो सोबत.