कार्टिंगला पोरखेळ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असं: एफवनचे, म्हणजे फॉर्म्युला वन रेसिंगचे ड्रायव्हर सीझन संपल्यावर कार्टिंगची स्पर्धा खेळतात तो सगळा तमाशा, गो-कार्ट, ती जमिनीला टेकलेली छोटी उघडी गाडी, म्हणजे पोरांचं खेळणं, ४०-५० च्या वर जात नाही, मनापासून कोणी चालवत नाही, विजेता आधीच ठरलेला, आणि आपल्या गोव्यातल्या नुव्याच्या ट्रॅकवरचा कुठलाही पोरगा सात वेळच्या एफवन चॅम्पियन शूमाकरला हरवेल. खाली टाळ्यांचे इमोजी. मी गॅरेजवाला माणूस, गप्प बसवेना.

पहिलं खेळण्याचं. तुम्ही नुव्याला नाहीतर हडफड्याला तिकीट काढून जे चालवता ते भाड्याचं कार्ट, फोर-स्ट्रोक इंजिन, पाण्याच्या पंपाला लागतं त्या जातीचं, आठ-दहा हॉर्सपॉवर, चहूबाजूंनी बंपर, आणि अशा कार्टचा स्पीड मुद्दाम आवळलेला असतो कारण नाहीतर बीचवरून थेट आलेले टुरिस्ट टायरच्या भिंतीत शिरतील. रेसिंगचं कार्ट वेगळं प्रकरण आहे हो. केझेड क्लासचं, म्हणजे गिअरवाल्या रेसिंग कार्टच्या वर्गातलं घ्या, १२५ सीसी टू-स्ट्रोक, सहा गिअर, ४० च्या वर हॉर्सपॉवर आणि ड्रायव्हर धरून वजन १७५ किलोच्या आसपास, म्हणजे एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला चारेक किलो. आपल्या स्विफ्टमध्ये माणूस बसवून तोच भाग घाला, अकरा-बारा येईल, आणि हा आकडा जितका कमी तितकी गाडी चपळ.

आणि स्पीड सोडा, खरी गंमत कार्टच्या खाली आहे. गाडीला डिफरन्शियल असतो, वळणावर आतलं चाक कमी फिरतं बाहेरचं जास्त. कार्टला तो नाही, मागे एकच सळी, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार, म्हणजे वळणावर आतलं मागचं चाक रस्त्यावरून उचललं गेलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा कार्ट नाकासमोर सरळ जातं. सस्पेन्शनही नाही, चॅसीचे पाइप वाकतात तेच सस्पेन्शन. ते चाक नेमकं कधी उचलायचं, कधी टेकवायचं हे ड्रायव्हर हाताने आणि बुडाने ठरवतो. पॉवर स्टिअरिंग नाही. मी भाड्याच्या कार्टवर वीस मिनिटं केली तर संध्याकाळी पान्याने नट सुटेना, मनगटं भरून आलेली, आणि सीटची कड बरगडीला लागून दोन दिवस खोकताना दुखत होतं. रेसवाले बरगड्यांना प्रोटेक्टर बांधतात ते काही फॅशन म्हणून नाही.

मनापासून चालवत नाहीत म्हणे. फेरारीचा एफवन ड्रायव्हर फेलिपे मासा आठवतो ना? जुलै २००९, हंगेरी, पुढे चाललेल्या बारिकेलोच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग थेट हेल्मेटवर, कवटी फुटली, सीझन संपला. बरा झाल्यावर तो पहिल्यांदा कशात बसला? फेरारीत नाही, ब्राझीलमध्ये कार्टमध्ये. आपले हात-डोळे जागेवर आहेत की नाही हे बघायला ज्याने कार्ट निवडलं त्याला तुम्ही खेळणं सांगताय. सीझननंतर मोठमोठ्या ड्रायव्हरांना बोलावून ब्राझीलच्या फ्लोरियानोपोलिसला व्हायची ती कार्टिंग स्पर्धाही त्याचीच, २००५ ला सुरू झालेली.

त्याच्या आधीचं बघा. डिसेंबर १९९३, पॅरिसच्या बेर्सी स्टेडियममध्ये छपराखाली कार्टची रेस. भरवणारा फिलिप स्ट्राइफ, स्वतः एफवन ड्रायव्हर, १९८९ च्या अपघातानंतर व्हीलचेअरवर. सेन्ना आणि प्रॉस्ट, एफवनचे दोन दिग्गज चॅम्पियन, तिथे शेवटचे एकमेकांविरुद्ध धावले. पुढच्या मे महिन्यात सेन्ना गेला. त्या दोघांचं वैर काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला कळेल की ते दोघं एका ट्रॅकवर आले की ४०-५० चा तमाशा होणं शक्यच नव्हतं. आणि हाच सेन्ना कार्टिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १९७९ आणि १९८० ला दोन्ही वेळा दुसरा आला, ते टायटल त्याला कधीच मिळालं नाही.

विजेता ठरलेला म्हणायचं तर मासाच्या स्पर्धेत २००७ ला शूमाकर, २००८ ला बारिकेलो, २००९ ला परत शूमाकर. यजमानाने ठरवून तीन वर्षं दुसऱ्यालाच दिलं? मस्करी, फोटो, मित्रांची जत्रा हे सगळं असायचं, ते मान्य. पण जत्रेतली कुस्तीसुद्धा खरी असते.

आता तो नुव्याचा पोरगा. इथे फॉरवर्ड चुकून अर्धा बरोबर निघाला. शूमाकर कार्टमध्ये हरलाय. २००१ मध्ये, त्या वर्षीचा एफवन चॅम्पियन असताना, तो आपल्या गावच्या केर्पेनच्या ट्रॅकवर कार्टिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या राउंडला उतरला आणि विटांटोनिओ लिउझी त्याला भारी पडला, चॅम्पियनशिपही लिउझीचीच. पण हा लिउझी सुट्टीत फिरायला आलेला पोरगा नव्हता, तोच पुढे फोर्स इंडियाकडून एफवन धावला, हो, तेव्हा कांदोळीला बंगला असलेल्या मल्ल्याचीच ती टीम. नंतर एफवन चॅम्पियन झालेला वेरस्टापनही बघा, २०१३ ला १५ व्या वर्षी केझेडचा वर्ल्ड चॅम्पियन आणि २०१५ ला एफवनमध्ये. म्हणजे शूमाकरला हरवणारा पोरगा असू शकतो, फक्त त्याने आधी वर्षानुवर्षं कार्टमध्ये हाडं खिळखिळी करून घेतलेली असणार. आपल्याकडे तसं करायचं तर कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर जाऊन बघा पोरं काय मेहनत करतात.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट सुटली ती मीच सांगतो, वजन. भाड्याच्या ट्रॅकवर माझा ४२ किलोचा भाचा मला प्रत्येक वेळी मागे टाकतो, मी ८८. रेसमध्ये म्हणूनच हलक्या ड्रायव्हरच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्ट करून किमान वजन भरून घेतात. परवा भाच्याला म्हटलं पुढच्या वेळी तुलापण शिसं लावतो, तर म्हणतो, मामा, त्यापेक्षा तू सकाळचा भाजीपाव सोड.